बशीर मास्तरांची उपाशी फौज

उपास म्हटलं की आमच्या पेणच्या घरात स्वयंपाकघराला जास्त काम पडायचं. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, आणि एवढं करून संध्याकाळी आई म्हणायची, "आज काही पोटात नाही हो!" खरा उपास मी पाहिला तो उम्म अल कुवैनला. त्याचा शेवटचा तास किती लांबतो तेही तिथेच पाहिलं. तो तास बशीर मास्तर लढाई सांगून काढायचे.

साठच्या दशकातली ही गोष्ट. अमिराती तेव्हा एक झालेल्या नव्हत्या. दुबईहून उम्म अल कुवैनला यायला धड रस्ता नव्हता. किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून लॉरी हाकायची, नाहीतर कंपनीच्या लाँचने समुद्रातून यायचं. तिथल्या खाडीवर आमची कंपनी धक्का बांधत होती. कॅम्पवर गवंडी, सुतार, खलाशी मिळून तीसेक माणसं, बहुतेक सगळी रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या खाड्यांवरची मुसलमान. मी टाइमकीपर, आणि बशीर मास्तर आमचे सुपरवायझर.

मास्तर हे काही लाडाने ठेवलेलं नाव नव्हतं. रत्नागिरीला एका हायस्कुलात त्यांनी बरीच वर्षं इतिहास शिकवला होता. तो सोडून इकडे सिमेंटच्या गोणींवर लक्ष ठेवायला का आले, हे मी विचारलं नाही. कोकणातला माणूस दुबईला का आला, हे दुसऱ्या कोकणातल्या माणसाने विचारायचं नसतं. बारीक अंगाचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. त्या खाऱ्या, चिकट हवेतसुद्धा पांढरा फुलशर्ट, गळ्याशी बटण लावलेलं, आणि हातात काळी छत्री. तिकडे पाऊस वर्षातून चार दिवस, पण छत्री बारा महिने. उन्हाची छत्री उघडून ते धक्क्यावरून चालायला लागले की आमचा गोरा इंजिनिअर दुरूनच टोपी काढून हसायचा. मास्तर गंभीरपणे छत्री किंचित कलती करून त्याचा स्वीकार करायचे.

कॅम्पवरची भांडणं त्यांच्याकडे यायची, आणि ती मिटवायची त्यांची एक रीत होती. आपली बाजू कोणी मांडायची नाही. ज्याच्याशी भांडण आहे त्याची बाजू मांडायची, आणि तीही अशी की त्याला वाटलं पाहिजे, मला स्वतःला एवढी चांगली मांडता आली नसती. दाराजवळच्या खाटेवरून, म्हणजे वारा येणाऱ्या एकुलत्या एका खाटेवरून, एकदा दोन गवंड्यांचं जुंपलं. मास्तरांनी दोघांना समोरासमोर बसवलं. पहिल्याने दुसऱ्याच्या दम्याचं असं काही वर्णन केलं की त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले. दुसऱ्याने पहिल्याच्या कंबरदुखीवर त्याहून वरचढ भाषण केलं. मग दोघांनीही खाट सोडली. कोणीच परत घेईना. अखेर ती मला मिळाली आणि पुढची दोन वर्षं मी वाऱ्यात झोपलो.

दुसरी सवय त्यांच्या एका वाक्याची. "आपण तिथे नव्हतो, बाबा." कोणी कोणाची चुगली घेऊन आला की हे वाक्य ठरलेलं. एकदा भंडाऱ्याने, म्हणजे आमच्या स्वयंपाक्याने, सुरमईचं डोकं परस्पर खाल्लं अशी तक्रार आली.

"आपण तिथे नव्हतो, बाबा," मास्तर म्हणाले.

"मास्तर, मी होतो ना तिथे! या डोळ्यांनी बघितलं!"

"बरं, ही तुझी बाजू झाली. भंडारी त्याची सांगेल. सुरमईची कोण सांगणार?"

तक्रार हसण्यावारी गेली. डोकं कोणी खाल्लं ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझा संशय खुद्द तक्रार आणणाऱ्यावर आहे, पण मीही तिथे नव्हतो.

रमजानात काम दुपारीच थांबायचं. असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज झाली की माणसं खाडीच्या काठी येऊन बसायची. तोंडं सुकलेली, बोलायचं त्राण नाही, सूर्य तर एका जागी खिळल्यासारखा. मास्तर छत्री मिटवायचे, तिच्या टोकाने ओल्या वाळूत एक लांब वाकडी रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "ही फरात नदी."

मग सगळे पुढे सरकून बसायचे. लढाई दरवर्षी तीच. चौदाशे वर्षांपूर्वीची, फरातच्या काठी कॅलिनिकम गावापाशी झालेली. रूमची, म्हणजे रोमनांची, फौज एकीकडे, इराणची दुसरीकडे. रूमवाल्यांसाठी खडे मांडायचे, इराण्यांसाठी शिंपले. दोन्ही फौजांत अरबही होते. त्यांच्यासाठी खारकेच्या बिया, थोड्या इकडे, थोड्या तिकडे.

"इराणी आले होते लुटायला," मास्तर सांगायचे. "पण डाव फसला, तसे घराकडे परत निघाले. रूमचा सेनापती त्यांच्या मागे मागे चालला होता. अंतर ठेवून. हे रात्री जिथे मुक्काम करून उठायचे, तिथे तो दुसऱ्या रात्री उतरायचा. वय फार नाही त्याचं, पण अक्कल मोठी. त्याला लढायचंच नव्हतं. पाहुणा दाराबाहेर जातोय ना, मग जाऊ दे, एवढंच त्याचं म्हणणं."

"आणि रोजा होता," कोणीतरी आठवण करून द्यायचं. हा सगळ्यांचा आवडता भाग.

"होता. त्यांचा ईस्टरचा आदला दिवस. त्या दिवशी त्यांचा कडक उपास, रात्र पडेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. शिवाय पाय चालून चालून सुजलेले, आणि थोडी फौज अजून मागेच. अशात इराणी समोर दिसले. शिपाई म्हणाले, आत्ता लढू. सेनापती म्हणाला, बाबांनो, उपाशी आहात, दमलेले आहात, आणि ते तर निघालेलेच आहेत. जाणाऱ्याला कशाला अडवायचं? त्यावर फौज काय म्हणाली, माहीत आहे?"

"भित्रा!" सगळे एका आवाजात.

"तोंडावर! मागे कुजबुजून नाही. मोठेमोठे सरदारसुद्धा हसायला लागले. आणि मग तो काय म्हणाला? म्हणाला, शाब्बास, मी तर तुमची परीक्षा बघत होतो. चला, लढू!" इथे मास्तर स्वतःच हसायचे. "परीक्षा कसली! ऐकवलं नाही त्याला, एवढंच."

मग खडे आणि शिंपले एकमेकांवर चालून जायचे. इराण्यांचे बाण भराभर यायचे, रूमवाल्यांचे कमी, पण जोरकस. दिवस कलेपर्यंत कोणीच हटेना. मग रूमच्या उजव्या बगलेच्या खारकेच्या बिया उधळायच्या आणि इराणी घोडेस्वार त्या खिंडारातून आत. रूमच्या फौजेत शेतातून उचलून आणलेली नवी पोरं होती. लढू लढू म्हणून सगळ्यांत जास्त तीच ओरडली होती, आणि त्यांतली बहुतेक तलवार उचलायच्या आत खलास झाली. उरलेले खडे मास्तर नदीच्या रेघेला टेकवून उभे करायचे. पाठीशी पाणी, पुढे ढालींची भिंत. घोडे अंगावर आले की हे ढालीवर ढाल आपटायचे आणि घोडे बुजून मागे फिरायचे. असं अंधार पडेपर्यंत.

बरोबर इथे गावातून अजान ऐकू यायची. हे त्यांना कसं साधायचं, मला ठाऊक नाही. खजूर तोंडात टाकला की लढाईचा उरलेला भाग.

"सेनापतीचं काय झालं?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"कर्णिकसाहेब, तिथेच तर गंमत आहे. त्याच्या चिटणिसाने लिहून ठेवलंय, सेनापती घोड्यावरून उतरला आणि पायदळाबरोबर पाण्याला पाठ लावून शेवटपर्यंत लढला. दुसरा एक बखरकार लिहितो, तो होडीत बसून केव्हाच पलीकडे गेला होता."

"खरं कुठलं?"

"आपण तिथे नव्हतो, बाबा."

आणि इराण्यांची ती टोपल्यांची रीत. मोहिमेला निघताना त्यांचा प्रत्येक शिपाई बादशहासमोर टोपलीत एक बाण टाकायचा, परत आल्यावर एक उचलून घ्यायचा. टोपलीत जेवढे बाण उरतील तेवढी माणसं मेली. त्यांचा सेनापती जिंकून गेला खरा, पण टोपल्यांत बाण इतके उरले की बादशहाने त्याला मान दिला नाही. ही रीत ऐकताना पोरं खजूर चावायची थांबायची. प्रत्येकाच्या गावी कोणीतरी असा बाण मोजत बसलेलं होतं.

इफ्तारनंतर वाद व्हायचा, आणि त्यात पुढे असायचा यूसुफ. यूसुफ सुतार होता, तिशीचा, दाभोळच्या बाजूचा, हाताला कसबी आणि तोंडाला तिखट. त्याचं मत पक्कं होतं.

"चूक सेनापतीची. शिपाई ओरडणारच. त्याने ऐकलं कशाला?"

"आता शिपायांची बाजू मांड," मास्तर म्हणायचे.

"नाही मांडत जा! त्यांना बाजूच नाही."

तीन वर्षं मास्तरांनी मागितलं, पण यूसुफने शिपायांची बाजू काही मांडली नाही.

यूसुफचे वडील मुंबई–बसरा फेऱ्या करणाऱ्या बोटीवर खलाशी होते. सारा जन्म समुद्रावर. ईदला ते कधी घरी नसायचेच. पोराने मशिदीत शेजाऱ्याचा हात धरून जायचं, नमाज झाल्यावर सगळे बापलेक गळाभेट घेताना बघत उभं राहायचं. त्या तिसऱ्या वर्षीच्या रमजानात त्यांचा निरोप आला. ही माझी शेवटची फेरी, यानंतर घरीच बसणार. बोट ईदच्या आदल्या दिवशी दुबईला लागते, ईदच्या सकाळी सुटते. सारंगाने पहाटेपुरती किनाऱ्यावर जायची परवानगी दिली आहे. तू ये. एक ईदची नमाज तरी बरोबर पढू.

यूसुफने नवा सदरा शिवून घेतला. कॅम्पवर ज्याला त्याला दाखवून झाला. मलाही दोनदा दाखवला.

तिसावा रोजा होता, म्हणजे दुसऱ्या दिवशी ईद ठरलेली. सगळा कॅम्पच दुबईला जाणार होता. पावसाने किनाऱ्याची वाट चिखल झाली होती आणि आमची लॉरी रुतून बसली होती. उरली लाँच. दुपारी निघालं तर सूर्य मावळताना दुबई. माणसं ट्रंका, बोचकी घेऊन लाँचच्या फळीपाशी आली आणि शमाल सुटला. शमाल म्हणजे तिकडचा वायव्येचा वारा. बघता बघता खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर, पांढऱ्या लाटा फुटायला लागल्या.

लाँचचा नाखवा म्हणाला, "जाईल, इन्शाल्ला. पण लाँच कंपनीची. मास्तर म्हणतील तसं."

मास्तरांनी मुखाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. "आत्ता नाही. वारा पडू दे, मग यल्ला, निघू."

"कधी पडेल?" यूसुफ पुढे झाला.

"ते मला माहीत नाही."

"मास्तर, अब्बांची बोट सकाळी सुटते. आज पोचलो नाही तर खलास."

"मला माहीत आहे, यूसुफ."

मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तरांना पोहता येत नाही म्हणून सगळ्यांनी ईद इथे करायची काय?" हशा झाला. दुसरा म्हणाला, "आम्ही खाडीत जन्मलो, मास्तर, तुम्ही वर्गात!" मग तर जो तो बोलायला लागला. भुकेली, तहानलेली, ईदच्या ओढीने उतावळी झालेली माणसं. एरवी ज्यांनी मास्तरांपुढे विडी ओढली नसती, ती तोंडावर हसत होती. तो शब्दही कोणीतरी उच्चारला. भित्रा.

मला वाटलं, आता मास्तर कॅलिनिकम काढणार. काढलं ते यूसुफने.

"मास्तर, इथे कुठली इराणची फौज आहे? माझा बाप आहे तिकडे!"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरून ते फळीच्या तोंडाशी उभे राहिले. "यूसुफ, मी नाही म्हटलंय," एवढंच म्हणाले. त्यांना ढकलून पुढे जाणं कोणालाही जमलं असतं. कोणी गेलं नाही.

असरनंतर वारा पडला. जसा सुटला तसाच, एकाएकी. समुद्र तव्यासारखा सपाट झाला. पण आता निघून दुबईला पोचेस्तोवर काळोख, आणि काळोखात दुबईच्या खाडीच्या तोंडाचा गाळ ओलांडून लाँच आत नेता येत नसे. नाखव्याने मान हलवली. यूसुफने नवा सदरा बोचक्यात बांधला आणि चिखलाच्या वाटेने पायी निघाला. मास्तरांनी त्याला पाण्याची बाटली द्यायला माणूस धाडला, तो बाटली तशीच घेऊन परत आला.

यूसुफ दुबईला पोचला तेव्हा ईदची नमाज आटोपली होती. बोट लांब गेली होती. वडिलांना शेवटपर्यंत वाट बघत उभं असलेलं कोणीतरी पाहिलं होतं. आणि रस अल खैमाची एक लाँच त्याच दुपारी, त्याच वाऱ्यात निघून दुबईला सुखरूप पोचली होती. त्या दिवशी त्या किनाऱ्यावर एकही लाँच बुडाली नाही. हे सगळं दोन दिवसांत कॅम्पवर कळलं. पुढच्या पावसाळ्यात, यूसुफला रजा मिळायच्या आधीच, वडील गावी वारल्याची तार आली.

मास्तर त्याच्या खाटेपाशी गेले. मी बरोबर होतो. यूसुफ उठून उभा राहिला, त्यांना बसायला जागा दिली आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही तुमची ड्यूटी केलीत. मी काय बोलणार?" त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तर बाहेर आले आणि मला म्हणाले, "चहा घेऊ या," आणि चहा न घेताच आपल्या खोलीत गेले.

त्यानंतर लढाई बंद झाली. रमजान आले, खाडीच्या काठी माणसं बसली, मास्तर इतर काहीबाही सांगत, प्रवाशांच्या गोष्टी, बादशहांच्या गोष्टी. वाळूत रेघ काही ओढली नाही. ईदच्या सकाळी ते प्रत्येकाची गळाभेट घ्यायचे, माझीसुद्धा, आणि मग यूसुफसमोर जाऊन उभे राहायचे. यूसुफ नेमका चपलेचा पट्टा नीट करत असायचा. थोडा वेळ थांबून मास्तर पुढे जायचे. दरवर्षी. मला ते बघवत नसे. मी एकदा चिडून म्हणालो, "कशाला जाता? त्याला नको आहे ना!"

"माझ्याकडून मी जातो," ते म्हणाले. "त्याला यायचं तेव्हा तो येईल."

एकदा धक्क्यावर दोघेच असताना मी धीर करून विचारलं, "मास्तर, तुम्ही त्या दिवशी भ्यालात का हो?"

ते पाण्याकडे वळले. "भ्यालो होतो, कर्णिकसाहेब. पण भ्यालो म्हणून नाही म्हटलं, की धोका होता म्हणून नाही म्हटलं, हे मला आजही सांगता येत नाही. त्या सेनापतीबद्दल दोन बखरकारांनी दोन गोष्टी लिहिल्या, त्याचं मी हसू करायचो. मी तर तिथे होतो. तरी कळत नाही." मग छत्रीच्या टोकाने शेवाळ खरवडत म्हणाले, "त्याची हार झाली म्हणून लोकांना कळलं की आधी तो बरोबर होता. त्याने फौजेला थांबवलं असतं, तर इराणी मुकाट घरी गेले असते, आणि तो जन्मभर भित्राच राहिला असता."

एवढं मात्र खरं की तीस उपाशी माणसांसमोर असं नाही म्हणणं मला या जन्मात जमलं नसतं.

धक्क्याचं काम संपलं आणि मास्तरांनी कायमचं गावी जायचं ठरवलं. बोट तेव्हा दुबईच्या बाहेर, खोल पाण्यात नांगर टाकायची. खाडीतून लाँचने तिच्यापर्यंत जावं लागे. मी पोचवायला गेलो होतो. साधा कामाचा दिवस, धक्क्यावर हमालांची ओरड, बकऱ्या, पिंपं, बोचकी. मास्तर ट्रंकेवर बसून लाँच भरायची वाट बघत होते. गळ्याशी बटण लावलेलंच.

गर्दीतून यूसुफ आला. काम टाकून आला असावा, केसांत लाकडाचा भुसा होता. मला वाटलं सलाम करून जाईल. तो मास्तरांसमोर उभा राहिला. मास्तरही उठले.

"मास्तर," तो म्हणाला, "शिपायांचं असं होतं बघा. ते उपाशी होते. त्यांना घरी जायचं होतं. समोर दिसतं ते एवढंच त्यांना कळत होतं." त्याने केसांतला भुसा झटकला. "आणि ओरडताना त्यांना कुठेतरी वाटत असणार, की आपण किती ओरडलो तरी हा माणूस हलणार नाही."

यूसुफने पुढे होऊन त्यांना मिठी मारली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"ईद मुबारक, मास्तर."

"आज ईद कुठली रे?" मास्तर म्हणाले.

"त्या दिवशीची," यूसुफ म्हणाला. "अब्बांबरोबर करायची राहिली होती ती."

त्याने ट्रंक खांद्यावर घेऊन लाँचमध्ये ठेवली आणि वळून न बघता कामावर निघून गेला. लाँच सुटली. ती चांगलीच हेलकावत होती. नाखवा सगळ्यांना बसा, बसा म्हणून ओरडत होता. सगळे बसले. मास्तर मात्र उभेच होते, कशालाही न धरता, यूसुफ गेला त्या दिशेला बघत. ते तसेच उभे होते, लाँच खाडीच्या तोंडातून बाहेर पडून दिसेनाशी होईपर्यंत.